पहिली ट्रायल बाईक कुठली घ्यायची: टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक, इलेक्ट्रिक की आजोबांच्या जमान्यातली ट्विनशॉक?

गेल्या काही महिन्यांत तिघांनी मला हाच प्रश्न विचारला. तिघंही इकडे इंग्लंडमध्ये नोकरीला आलेले, दोघं पुण्याचे आणि एक कोल्हापूरचा, आणि तिघांच्याही डोक्यात आधीच फिक्स की घ्यायची तर 300 सीसीच घ्यायची. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. मी सात वर्षं यॉर्कशायरमध्ये क्लब ट्रायल चालवतोय, रायडर म्हणून यथातथाच आहे, पण चारही प्रकारच्या गाड्यांवर बसलोय (म्हणजे उभा राहिलोय, सीट नसतेच), त्यातल्या दोन विकत घेतल्या आणि त्यातली एक साफ चुकीची निघाली, त्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे.

ट्रायल हा मोटरसायकलचा खेळ माहीत नसेल तर आधी तो समजून घ्या, कारण गाडी कुठली हे त्यावरच ठरतं. शाळेत स्लो सायकलिंगची रेस असायची ना, जो सगळ्यात शेवटी पोचेल तो पहिला आणि पाय टेकला की बाद? तेच, फक्त मैदानाच्या जागी ओढा, शेवाळलेले धोंडे, झाडांची मुळं आणि चिखलाचा चढ. एका तुकड्याला सेक्शन म्हणतात, उजवीकडे लाल आणि डावीकडे निळी खूण, त्यामधूनच जायचं. पाय एकदा टेकला की एक मार्क, दोनदा टेकला की दोन, त्याच्यापुढे कितीही टेकले तरी तीनच, आणि पडलात, मागे गेलात किंवा खुणेबाहेर गेलात की थेट पाच. एकदाही न टेकता निघालात की शून्य, त्याला क्लीन म्हणतात. मार्क कमी तो जिंकला. आमच्याकडे साधारण दहा सेक्शन आणि चार फेऱ्या असतात, म्हणजे दिवसाला चाळीस वेळा परीक्षा, आणि प्रत्येक सेक्शनला एक ऑब्झर्व्हर थर्मास घेऊन पावसात उभा असतो, बहुतेक वेळा कोणाची तरी बायको नाहीतर गुडघे गेल्यामुळे रिटायर झालेला जुना रायडर, आणि तो फुकट उभा असतो हे विसरायचं नाही.

म्हणजे इथे वेगाचा काही संबंध नाही. गाडीला माणसाच्या चालीनं चालता आलं पाहिजे, जवळजवळ थांबलेली असतानाही बंद पडायला नको, आणि एका बोटानं क्लच सोडला की नेमकी हवी तेवढीच उडी मारली पाहिजे. मागच्या टायरमध्ये हवा फक्त चार-पाच पीएसआय, आपण बाईकमध्ये अठ्ठावीस-तीस घालणारी माणसं, पहिल्यांदा दाबून बघितलं तेव्हा मला वाटलं पंक्चरच आहे. तो टायर धोंड्यावर अक्षरशः चपातीसारखा पसरतो आणि धरून ठेवतो.

आता मुख्य भांडण. टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक.

कागदावर बघाल तर फोर-स्ट्रोकच जिंकायला पाहिजे. टोनी बोऊनं 2007 ते 2024 अशी सलग 18 वर्षं आउटडोअर आणि इनडोअर दोन्ही वर्ल्ड टायटल्स जिंकली, म्हणजे 36, आणि सगळी माँटेसाच्या फोर-स्ट्रोकवर (माँटेसा म्हणजे होंडाच, नाव स्पॅनिश). पण रविवारी सकाळी आमच्या क्लबच्या पार्किंगमध्ये चक्कर मारा, दहातल्या सात-आठ गाड्या टू-स्ट्रोक दिसतील, बीटा, गॅस गॅस, शेर्को, टीआरएस, एखादी व्हर्टिगो. बोऊची गोष्ट वेगळी आहे हो, तो माणूस झाडूवर बसला तरी जिंकेल.

माँटेसा कोटा 4आरटी मी एका मित्राची महिनाभर चालवली. इंजिन मस्त मऊ आहे, ओल्या चढावर मागचं चाक उगाच फिरत नाही, धक धक करत चढत जातं, फ्युएल इंजेक्शन आहे आणि त्याला बॅटरीसुद्धा लागत नाही. पण थ्रॉटल बंद केला की इंजिन ब्रेकिंग जाणवतं, उतारावर ते छान वाटतं आणि दोन धोंड्यांच्या मधे वळताना नको तिथे गाडी अडवतं, त्याची सवय व्हायला वेळ लागतो. शिवाय सेक्शनच्या मधेच बंद पडली तर घामाघूम अवस्थेत किक मारायची ट्रिक जमायला पाहिजे, मला तिसऱ्या आठवड्यात जमली. वजनानंही थोडी जास्त, चार-पाच किलोचाच फरक असेल, पण चाळिसाव्या सेक्शनला गाडी ओढ्यातून उचलताना तो फरक पोतंभर वाटतो.

टू-स्ट्रोकचं उलटं. हलकी, अर्ध्या किकमध्ये चालू, आणि ज्यानं कधी आरएक्स 100 चालवलीय त्याला तो आवाज आणि तो वास आला की पुढचं काही सांगावं लागत नाही. ऑइल पेट्रोलमध्ये आपण मिसळायचं, पूर्वी पंपावर लुनाला 2टी मारून द्यायचे तसं, फक्त इथे प्रमाण खूप पातळ, पाच लिटरच्या कॅनला साधारण 70 मिली, नक्की आकडा मात्र गाडीच्या मॅन्युअलमध्येच बघा. खरा फायदा नंतर कळतो: इंजिनमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, पिस्टन-रिंग बदलायची तर घरच्या शेडमध्ये एका दुपारचं काम. फोर-स्ट्रोक सहसा खराब होत नाही हे खरं, पण झाली की वर्कशॉपचं बिल बघून डोळे पांढरे होतात. टू-स्ट्रोकची एक खोड सांगतो, थंडीत क्लचच्या प्लेट चिकटतात, म्हणून चालू करायच्या आधी गिअरमध्ये टाकून क्लच दाबून गाडी मागेपुढे हलवायची, ती सुटल्याची जाणवते, मग किक. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि पहिल्याच दिवशी गिअर टाकल्या टाकल्या गाडी एकटीच कुंपणात गेली.

आता ती 300 ची हौस. ती चुकीची गाडी म्हणजे हीच. जुनी 300 टू-स्ट्रोक स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, विकणाऱ्यानं सांगितलं की टॉर्क जास्त म्हणजे सोपी, आणि यात तथ्य आहे, पण ते हात तयार असणाऱ्या माणसासाठी. नवखा माणूस घाबरला की मागे पडतो, मागे पडताना हँडल घट्ट धरतो, आणि घट्ट धरलं की थ्रॉटल आपोआप उघडतो. 125 वर तुम्ही दोन फूट जाल, 300 वर गाडी झाडावर आणि तुम्ही ओढ्यात. मनगटाला बांधायची किल स्विचची दोरी मी त्या दिवशी लावली होती म्हणून इंजिन तिथल्या तिथे बंद झालं, नाहीतर हे लिहायला बोटं शाबूत असती का माहीत नाही. आठ महिन्यांत ती विकली आणि 250 घेतली, मार्क लगेच कमी झाले. सडपातळ असाल तर 200 पण चालेल, त्यात काही कमीपणा नाही.

इलेक्ट्रिकबद्दल लोक दोन टोकं पकडून बोलतात, एकतर हेच भविष्य नाहीतर हे खेळणं. मी एका चांगल्या ओळखीच्या माणसाची इलेक्ट्रिक मोशन, फ्रेंच कंपनीची गाडी, दोन-तीन रविवार चालवली. शांतता इतकी की टायरखाली खडी सरकते ती ऐकू येते, आपल्याच श्वासाचा आवाज येतो, आणि ऑब्झर्व्हरनं हळूच मारलेला टोमणासुद्धा. सुरुवातीच्या मॉडेलना क्लच नव्हता, आता हायड्रॉलिक क्लचवाल्या मिळतात, आणि घ्यायचीच तर तीच घ्या, कारण क्लच शिकल्याशिवाय हा खेळ शिकला असं होत नाही आणि नंतर पेट्रोलवर गेलात तर परत बालवाडी. मोठ्या कंपन्याही गंमत म्हणून उतरलेल्या नाहीत, यामाहानं 2018 मध्ये टीवाय-ई वर्ल्ड लेव्हलच्या इलेक्ट्रिक कपात आणली, आणि होंडानं 2024 मध्ये ऑल जपान चॅम्पियनशिपमध्ये इलेक्ट्रिक आरटीएल उतरवली ती फुजिनामीला वर बसवून, जो 2004 चा वर्ल्ड चॅम्पियन.

पण तुमच्या निर्णयात तंत्रापेक्षा शेजारी महत्त्वाचा. ट्रायल रविवारी होते, शिकता ते मधल्या दिवसांत, आणि प्रॅक्टिसला जागा कुठे? इंग्लंडमध्ये मोकळं रान दिसतं म्हणून कुठेही गाडी घालता येत नाही, प्रत्येक इंच कोणाचा तरी असतो, परवानगी लागते, आणि परवानगी देणारा शेतकरी सगळ्यात आधी आवाजाबद्दलच विचारतो. माझ्या ओळखीत एकाला घरामागे अर्धा एकर मिळालाय, दोन बाजूंना घरं, त्यानं इलेक्ट्रिक घेतली आणि रोज संध्याकाळी वीस मिनिटं फिगर-ऑफ-एट मारतो. वर्षात तो माझ्या पुढे गेला. माझी गाडी स्वस्त आणि जास्त चांगली, पण ती आठवड्यातले सहा दिवस शेडमध्ये. तेव्हा असा कोपरा मिळत असेल आणि पैसे असतील (नवी इलेक्ट्रिक नव्या पेट्रोलपेक्षा महागच पडते) तर माझं सगळं वरचं टू-स्ट्रोकपुराण विसरा. लहान मुलांसाठी तर प्रश्नच नाही, ओसेटसारखी छोटी इलेक्ट्रिक घ्या, बरीच पोरं तसल्या गाडीवरच शिकतात.

मात्र मनात स्कॉटिश सिक्स डेज या मोठ्या ट्रायलचं स्वप्न असेल, फोर्ट विल्यमला मे महिन्यात सहा दिवस, रोज तीस सेक्शन आणि मधे मैलोन् मैल मूर (ओसाड माळरान) आणि रस्ता, तर पेट्रोलचीच बरी आणि ती रोडला रजिस्टर झालेली पाहिजे, व्ही5 कागदासकट. एन्ट्री लकी ड्रॉनं लागते त्यामुळे घाई नाही. डगी लॅम्पकिननं ही ट्रायल बारा वेळा जिंकलीय, याच माणसानं 2016 मध्ये आयल ऑफ मॅनच्या टीटी रेसचा अख्खा 37 मैलांचा राउंड एका चाकावर मारला होता, आपल्याला नुसती पूर्ण करता आली तरी गावात सत्कार व्हावा.

ट्विनशॉकवर थोडक्यात, कारण हा डोक्याचा नाही हृदयाचा निर्णय आहे. मागे दोन शॉक, हवेवर थंड होणारं इंजिन, पुढे-मागे ड्रम ब्रेक, यामाहा टीवाय175, फँटिक, होंडा टीएलआर200, किंवा खानदानी हवी तर स्पेनची बुल्टाको शेर्पा, जी सॅमी मिलरनं 1964 च्या सुमाराला घडवली आणि 1965 ला त्याच गाडीवर सिक्स डेज जिंकून अख्ख्या खेळाची दिशा स्पेनकडे वळवली. यांचा वेगळा क्लास असतो, सेक्शन सोपे, माणसं मजेशीर, सरासरी वय साठ. पण ओढा पार केल्यावर पुढचा ड्रम ब्रेक पाणी पिऊन बसतो आणि पुढच्या उतारावर तुम्ही लिव्हर दाबताय, दाबताय, आणि काहीच होत नाही. मागचं चाक धोंड्यावर उचलून आडवं टाकणं वगैरे विसरा. हाताला ग्रीस लागलेलं आवडत असेल, राजदूत-येझदीच्या काळात रमत असाल तर खुशाल घ्या, पहिली आणि एकमेव म्हणून मात्र नको. आणि स्वस्त असते हा गैरसमज, चांगली टीवाय आता बऱ्यापैकी भाव खाते.

यानंतर ब्रँडचा प्रश्न येतोच, बीटा की गॅस गॅस की शेर्को. याचं माझं उत्तर लोकांना पटत नाही: गाडी घ्यायच्या आधी दोन रविवार क्लबात जाऊन ऑब्झर्व्हर म्हणून उभे राहा आणि मोजा. जी जास्त दिसते ती घ्या. आमच्याकडे बीटा जास्त आहेत म्हणून मी बीटा घेतली, तिच्यात काही जादू आहे म्हणून नाही. दुसऱ्या फेरीत क्लच लिव्हर तुटली की पार्किंगमधल्या पाच व्हॅनमध्ये तीच लिव्हर असते, आणि ही माणसं स्पर्धेत तुमच्या पुढे-मागे असूनही स्पॅनर घेऊन पळत येतात. एकदा आमच्या 74 वर्षांच्या आजोबांनी स्वतःची फेरी अर्धवट सोडून माझ्या मागच्या सस्पेन्शनची लिंकेज सोडवून दिली, वर ऐकवलं की बेअरिंगला ग्रीस हा शब्द माहीत आहे का तुला. जगात सर्वोत्तम पण क्लबात एकुलती एक अशी गाडी घेतलीत तर त्या दिवशी घरी. आणि ऑब्झर्व्हर म्हणून उभं राहिल्यानं दुसरी गोष्ट होते, लोक ओळखतात, आणि चांगल्या सेकंडहँड गाड्या जाहिरातीत यायच्या आधीच अशा ओळखीत विकल्या जातात.

सेकंडहँड बघताना इंजिनपेक्षा खाली वाका. मागच्या सस्पेन्शनच्या लिंकेजला खेळ आहे का ते मागचं चाक उचलून बघा, सगळे गाडी प्रेशर वॉशरनं धुतात आणि ग्रीस कोणी लावत नाही. पोटाखालच्या ॲल्युमिनियमच्या प्लेटवर पोचे असणारच, तडा नको. फ्रेम नंबर कागदाशी जुळवा. घासलेलं प्लास्टिक बघून घाबरू नका, ट्रायलची गाडी पडतेच, उलट चकाचक नवे स्टिकर दिसले तर मी जास्त प्रश्न विचारतो. आठ-दहा वर्षं जुनी पण नीट ठेवलेली 250 टू-स्ट्रोक नव्याच्या निम्म्या किमतीत किंवा त्याहून खाली मिळते आणि पहिली दोन वर्षं तुम्ही तिच्यापेक्षा नक्कीच वाईट असणार.

एक गोष्ट कोणीच विचारत नाही, गाडी न्यायची कशी. ट्रायल बाईक सत्तर किलोच्या आसपास, त्यात टोबारवरच्या (कारच्या मागचा ट्रेलर जोडायचा हूक) रॅकचं वजन, आणि बऱ्याच छोट्या हॅचबॅकची टोबारवर भार घ्यायची मर्यादा 75 किलो किंवा त्याहूनही कमी. हा आकडा कारच्या मॅन्युअलमध्ये असतो, बाईकच्या आधी तो बघा. माझ्या ओळखीतल्या एकानं बाईक घेतली आणि मग तिच्यासाठी व्हॅन घेतली, घरच्यांना अजून व्हॅनचं कारण सामान आणायला असंच सांगितलंय.

आणि पहिल्या रविवारी एन्ट्री भरताना सोप्या रूटची भरा. त्या क्लबात थांबलं तर चालतं की थांबलं की पाच, तेही विचारून घ्या, दोन्ही प्रकारचे नियम असतात. मी 300 घेऊन हार्ड रूट भरला होता. 200 पैकी 171 मार्क. माझ्या मागच्या नंबरला एक अकरा वर्षांची पोरगी सोप्या रूटवर होती, तिचे नऊ झाले, आणि शेवटी पार्किंगमध्ये तिनं येऊन मला अगदी मनापासून विचारलं की तुमची गाडी बिघडली होती का.