काकांच्या गाडीचं इंजिन

एका गॅरेजवाल्याच्या फसवणुकीत माझे चार लाख पासष्ट हजार रुपये गेले आणि त्यांच्यासोबत काकांच्या गाडीचं मूळ इंजिनही गेलं. पैसे आज ना उद्या पुन्हा उभे करता येतील. इंजिन कुठे आहे, याचा मात्र अजून पत्ता नाही. हे सगळं तपशीलवार लिहितोय, कारण गेल्याच महिन्यात ओळखीच्या एका मुलाला असंच "नवं रोटरी बसवून देतो" म्हणून इंजिन दाखवलं गेलं. दाखवण्याची पद्धतही तीच. त्याने अजून पैसे दिलेले नाहीत.

धाकटे काका सिंगापूरला जहाजदुरुस्तीच्या यार्डात होते. 1990 साली कायमचे परतले, तेव्हा ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्समध्ये, म्हणजे परदेशातून कायमचं परतणाऱ्यांना सामान आणायची जी सवलत असते तिच्यात, त्यांनी 1983 ची माझदा आरएक्स-7 आणली. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाचा टेम्पो डोळ्यांपुढे येतो. ही गाडी बसकी, लांब नाकाची, दिवे लावले की बॉनेटमधून डोळे उघडल्यासारखे वर येणारी. हे मॉडेल भारतात कधी विकलंच गेलं नाही, त्यामुळे कर्वे रोडवर सिग्नलला थांबलो की शेजारचे रिक्षावाले उतरून चौकशी करायचे. तिच्यात 12ए नावाचं रोटरी इंजिन होतं. त्यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारखं आतून कमरेला दबलेलं घर, त्यात फिरणारा फुगीर तिकोनी रोटर. असे दोन रोटर मिळून 1146 सीसी. काका ते इंजिन स्वतःच्या हाताने सांभाळायचे. ऑइल बदललं की पिवळ्या ऑइलपेंटने हाउसिंगवर तारीख लिहायचे.

2019 मध्ये काका गेले. गाडी एरंडवण्यातल्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये उभी राहिली आणि चार वर्षांत इंजिनाने दम सोडला. काकू एकदा म्हणाल्या, "बघ रे जमलं तर. एकदा तिचा आवाज ऐकायचाय." त्या वाक्यानंतर मी गाडीच्या मागे लागलो.

नाना पेठेत स्पार्क प्लग शोधत फिरत होतो. या इंजिनाला प्रत्येक रोटरला दोन, म्हणजे एकूण चार प्लग लागतात. तिथेच एका दुकानदाराने मला त्या माणसाचा नंबर दिला. कात्रजच्या पुढे त्याची पत्र्याची शेड. माणूस मृदू बोलणारा, कामाची भाषा तोंडात. घरी गाडी बघायला आला तेव्हा काकूंच्या पाया पडला, त्यांना आई म्हणाला. एपेक्स सील, साइड सील, कॉर्नर सील (रोटरच्या टोकांवर आणि कडांना बसणाऱ्या, दाब निसटू न देणाऱ्या पट्ट्या) हे शब्द मी पुण्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडून ऐकत होतो. मला वाटलं, देवाने माणूस धाडला.

तो म्हणाला, 12ए चे पार्ट आता जगात कुठे मिळत नाहीत, या इंजिनावर खर्च म्हणजे पाण्यात पैसे. हे साफ खोटं होतं. 12ए चे सील आणि गॅस्केटचे संच जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलियातून आजही मागवता येतात, आणि इंजिन खोलून सील बदलणं हा रोटरीच्या आयुष्यातला नेहमीचा भाग आहे. मी एक संध्याकाळ बसून शोधलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. पण त्याने लगेच दुसरं स्वप्न पुढे ठेवलं: आरएक्स-8 चं रेनेसिस इंजिन. 2003 साली आलेलं आणि त्या वर्षी इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर ठरलेलं. 1308 सीसी, नऊ हजारांच्या आसपास आरपीएम. "दादा, एकाच घराण्यातलं इंजिन आहे. बोल्ट टू बोल्ट बसतं. सायलेन्सर तुमचाच, वायरिंग प्लग अँड प्ले."

घराणं एकच, हे खरं. बाकी काहीच जुळत नाही. जुन्या रोटरीत धूर बाहेर जायचं भोक रोटरच्या घराच्या परिघावर असतं. रेनेसिसमध्ये ते बाजूच्या प्लेटमध्ये नेलंय, आणि या इंजिनाची सगळी हुशारी त्यातच आहे. म्हणजे जुना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बसणं शक्यच नाही, नवा बनवावाच लागतो. इंजिन धरणारे माउंट वेगळ्या जागी. जुन्या गाडीत कार्ब्युरेटर आणि ॲक्सिलरेटरची केबल, तर यात इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आणि किल्लीतल्या चिपशी बांधलेला ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर. रोटरीत सील भिजते राहावेत म्हणून एक छोटा पंप थेंब थेंब ऑइल आत सोडत असतो. रेनेसिसमध्ये तो पंपही इलेक्ट्रॉनिक. बाहेरचा ईसीयू तो चालवणार नसेल तर पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोक ऑइल मिसळावं लागतं. चेतकच्या काळात पंपावर ऑइल मिसळून घेणाऱ्या आपल्या पुण्याला हे समजावून सांगायला दोन मिनिटं लागली नसती. यातलं एकही वाक्य तो बोलला नाही. हे काम होतच नाही असं नाही. जगात अनेकांनी ते नीट केलंय. पण ज्याने केलंय तो आधी या अडचणी मोजतो आणि मग पैसे सांगतो.

आता त्या सकाळबद्दल, कारण खरी फसवणूक तिथे झाली.

2023 चा डिसेंबर, सकाळचे आठ, शेडमध्ये चांगलीच थंडी. इंजिन लोखंडी स्टँडवर, शेजारी फळीवर आरएक्स-8 ची वायरिंग, ईसीयू आणि किल्ली मांडलेली. मी म्हणालो, कॉम्प्रेशन दाखवा, म्हणजे इंजिन आत हवा किती दाबतंय ते. तो तयारच होता. प्लग काढला, आपल्या कुठल्याही गॅरेजमध्ये असतो तसला साधा गेज लावला, स्टार्टर मारला. काटा चढत गेला आणि 105 पीएसआयवर थांबला. दुसऱ्या रोटरला 100. त्याने मोबाइलवर माझदाचा आकडा दाखवला: 250 आरपीएमला किमान 680 किलोपास्कल, म्हणजे साधारण 99 पीएसआय. आकडा खरा होता. मी मान डोलावली. मग त्याने इंजिन चालू केलं. पांढरट निळा धूर शेडभर झाला. "पडून होतं ना दादा, सील सुकू नयेत म्हणून ऑइल घालून ठेवलंय." चाळीस-पन्नास सेकंदांत बंद केलं. "रेडिएटर नाही जोडलेला, जास्त चालवलं तर तापेल." प्रत्येक उत्तर पटण्यासारखं होतं. ठेवणीतल्या रोटरीत ऑइल घालतात, हेही खरं. आणि रेडिएटरशिवाय इंजिन चालवू नये, हेही.

रोटरला तीन बाजू असतात आणि प्रत्येक बाजू म्हणजे स्वतंत्र सिलिंडर. एकाच प्लगच्या भोकासमोरून त्या तिन्ही पाळीपाळीने जातात. साध्या गेजमध्ये हवा परत जाऊ नये म्हणून टायरसारखी व्हॉल्व्हची पिन असते. त्यामुळे तीनपैकी सर्वांत चांगल्या बाजूचा आकडा काट्यावर अडकून राहतो आणि उरलेल्या दोन बाजू मेलेल्या असल्या तरी दिसत नाहीत. एका टोकाचा सील तुटला की त्याच्या दोन्हीकडच्या बाजू जातात, तिसरी शाबूत राहते. मला त्या तिसऱ्या बाजूचा आकडा दाखवला गेला होता. तोही आत ओतलेल्या ऑइलने तात्पुरता फुगवलेला.

मी त्याच दिवशी दोन लाख बँकेतून पाठवले. पुढे दीड लाख रोख. मग "ईसीयू जुळत नाही, बाहेरचा घ्यावा लागेल" म्हणून 85 हजार, आणि मॅनिफोल्डचे 30 हजार. फळीवर दिसलेला ईसीयू आणि किल्ली मला पुन्हा कधी दिसली नाही. पावती म्हणून एक हाताने लिहिलेला कॅश मेमो, त्यावर "जुना स्पेअर पार्ट 1 नग" एवढंच. इंजिन क्रमांक नाही. इंजिन परदेशातून आलं असेल तर कस्टमचं बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कागद, असायला हवं. ते मागितलं तेव्हा "मुंबईच्या पार्टीकडून येतंय" हे उत्तर पाच महिने ऐकलं.

2024 च्या मे महिन्यात गाडी घरी आली. काकूंनी औक्षण केलं. इंजिन हलत होतं, पोटात काहीतरी धडधडत होतं, तरी आवाज आला. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी बाकी सगळं विसरलो. दोन दिवसांनी एकटाच बाहेर काढली. वारज्याला पंपावर पेट्रोल भरलं, आणि गाडी पुन्हा चालू होईना. स्टार्टर फिरतोय, इंजिन पकडत नाही. तासाभराने गार झाल्यावर एकदाची चालू झाली. थंड असताना चालू होणं आणि तापल्यावर न होणं, हे दमलेल्या रोटरीचं ठळक लक्षण. त्याला फोन केला. "नवे सील आहेत दादा, हजार किलोमीटर होऊ द्या, बसतील." जूनपासून त्याने फोन उचलणं बंद केलं. शेडला कुलूप.

भोसरीत एक वयस्क मिस्त्री आहेत. आयुष्यभर मशिनशॉपमध्ये गेलेलं, रोटरी त्यांनीही पूर्वी कधी खोललेलं नव्हतं. पण त्यांनी माझदाची सर्व्हिस पद्धत आधी वाचून घेतली आणि मगच हात लावला. साध्या गेजमधली पिन काढून टाकली, चांगली चार्ज केलेली बॅटरी लावली, पेट्रोल बंद केलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला मला सांगितलं. काटा आता थांबत नव्हता, नाचत होता. एक मोठा झोका, दोन छोटे. एक मोठा, दोन छोटे. मग त्यांनी गेजच काढला आणि म्हणाले, "आता नुसतं ऐका." उघड्या भोकातून फाट्... फुस्, फुस्. फाट्... फुस्, फुस्. चांगल्या इंजिनात तिन्ही आवाज एकसारखे येतात. कुठलंही महागडं यंत्र न लावता, पाच मिनिटांत हे त्या डिसेंबरच्या सकाळीच कळलं असतं. माझदाच्या मोजमापात एकाच रोटरच्या तीन बाजूंत 150 किलोपास्कलपेक्षा जास्त फरक चालत नाही. इथे निम्म्याचा फरक होता.

इंजिन खोललं. पुढच्या रोटरच्या एका टोकाच्या खाचेत सीलचा अर्धाच तुकडा उरला होता. बाकीचा आत फिरून बाहेर गेला असणार, कारण हाउसिंगचा आरशासारखा असायला हवा तो पृष्ठभाग नखाला लागेल इतका खरवडला होता. मागे जुन्या 12ए चं फ्लायव्हील (इंजिनाच्या मागचं जड चाक) ठोकून दिलेलं. रेनेसिसचे रोटर हलके, त्यांचं वजन तोलणारं काउंटरवेट वेगळं असतं. ती धडधड तिथून येत होती. मिस्त्री हात पुसत बराच वेळ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "तुमचं जुनं कुठाय? ते करून देतो मी."

जुनं इंजिन गाडीतून उतरवलं तेव्हा मी विचारलं होतं. "राहू द्या शेडमध्ये, काही ब्रॅकेट लागतील त्यातले" असं तो म्हणाला. मी ठेवू दिलं. त्याच्या शेजारच्या वेल्डरकडून नंतर कळलं की मार्चमध्येच कुणीतरी ते टेम्पोत घालून नेलं. म्हणजे गाडी मला मिळायच्या आधीच ते विकलं गेलं होतं. भंगार म्हणून गेलं की 12ए आहे हे ओळखून कुणी घेतलं, मला माहीत नाही. मला "पार्ट मिळत नाहीत" म्हणणाऱ्याला त्याची किंमत पक्की माहीत होती, एवढं मात्र मी खात्रीने म्हणतो.

त्यातून दुसरं संकट उभं राहिलं. आरसी बुकावर 12ए चा क्रमांक आहे. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि तेव्हा तपासणीत चासी आणि इंजिन क्रमांक पडताळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याने सांगितलं होतं, "आरटीओचं माझ्याकडे सोडा." जबाबदार कायद्यात गाडीचा मालक असतो, गॅरेजवाला नाही. मी संगम पुलाजवळच्या आरटीओत आधी जाऊन विचारायला हवं होतं. घरून वीस मिनिटांचा रस्ता.

पोलिसांत अर्ज दिलाय आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केलीय. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. हाताशी पुरावा म्हणून बँकेतून गेलेले दोन लाख आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज आहेत. "105 आहे दादा, कंपनी स्पेसिफिकेशनपेक्षा जास्त" हा मेसेज त्यात आहे, गेजच्या फोटोसकट. रोख दिलेल्या पैशांचा कागद नाही. वकील म्हणाले, त्या फोटोवर आपण उभे आहोत.

ज्या मुलाला आता इंजिन दाखवलं गेलंय, त्याला घेऊन मी परवा भोसरीला गेलो होतो. मिस्त्रींनी त्याला पिन काढलेला गेज हातात दिला आणि तीन झोके कसे मोजायचे ते दाखवलं. तो आता इंजिन तापवून, वीस मिनिटं चालवून, बंद करून पुन्हा चालू करायला लावणार आहे. समोरच्याने त्याला अजून वेळ दिलेली नाही.

काकांचं 12ए पुण्यातच कुठेतरी असेल अशी मला अजून आशा आहे. नाना पेठेत, भवानी पेठेत, जुन्या बाजारात, भोसरी-चाकणच्या एखाद्या शेडमध्ये कुणाला दोन रोटरचं, चार प्लगचं छोटं इंजिन दिसलं, तर हाउसिंगवरची धूळ जरा पुसून बघा. पिवळ्या ऑइलपेंटने, उजवीकडे झुकलेल्या अक्षरांत "14-1-2018" लिहिलेलं आहे. त्या दिवशी संक्रांत होती, आणि काकूंनी दिलेला तिळगूळ काकांनी ऑइलच्या हाताने खाल्ला होता. इंजिन ज्यांच्याकडे असेल त्यांनी दिलेले पैसे मी त्यांना परत देईन, काही विचारणार नाही. काकू रोज गॅरेजचं दार उघडून बघतात.