दोन रात्री, दोघंच: वाई, माथेरान की रेवदंडा?

शुक्रवारी संध्याकाळी निघायचं आणि रविवारी रात्रीच्या जेवणाला घरी परत यायचं. मुलं आजीकडे. एवढीच सवड असेल तर पुण्या-मुंबईच्या जोडप्याने जावं कुठे, हे ओळखीतलं कुणी ना कुणी दर दिवाळीनंतर मला विचारतं. आमच्या लग्नाला 18 वर्षं झाली. त्यातली शेवटची दहा वर्षं आम्ही वर्षातून दोनदा, दोघंच, असे बाहेर पडतो. लोणावळा, महाबळेश्वर करून झालं आणि मग तीन ठिकाणांवर मन बसलं ते बसलंच. वाई, माथेरान आणि अलिबागजवळचं रेवदंडा-चौल. तिन्हीकडे तीन-तीन, चार-चार वेळा राहून आलोय.

तिथे बघायला काय काय आहे, यावरून मी तुलना करत नाही. दोन रात्रींत बघून बघून किती बघणार? मी एवढंच विचारते, तिथली सकाळ कशी जाते? घरी आमची सकाळ म्हणजे डबा, पाण्याची मोटर, 'गाडीची किल्ली कुठे ठेवलीस' आणि दारातूनच 'येतो गं'. तोच चहा, तीच भाजी, तोच फेरफटका घाई न करता दोघांना मिळून करता आला, की माझी सुट्टी वसूल. त्यासाठी ही तीन गावं फार वेगवेगळ्या तऱ्हेने उपयोगी पडतात.

वाई

पुण्याहून 90 किलोमीटरच्या आसपास. खंबाटकी घाट तुंबला नाही तर दोन-अडीच तास, आणि शुक्रवारी संध्याकाळी तो बहुतेक वेळा तुंबतोच. तेव्हा एकतर चारच्या आत पुणं सोडा, नाहीतर जेवूनखाऊन नऊनंतर निघा. स्वारगेटहून एसटीही आहे. सुरूर फाट्याहून आत वळलं की रस्त्याच्या कडेला जुने वड लागतात आणि तिथपासूनच मला सुट्टी सुरू झाल्यासारखं वाटतं. मुंबईकरांना मात्र हे लांब पडतं. 230-240 किलोमीटर येऊन लगेच परत फिरायचं म्हणजे दोन दिवसांतला एक रस्त्यातच जातो.

राहायचं ते गावात, नदीजवळ. पाचगणीच्या वाटेवरच्या मोठ्या रिसॉर्टमध्ये उतरलात तर पोहण्याचा तलाव मिळेल, पण वाई हुकेल. गावातली लॉज साधी आहेत, अंथरूण-पांघरूण स्वच्छ असलं की पुरे. कारण खोलीत बसायचंच नाही. पहाटे साडेपाचला उठून घाटावर जायचं. कृष्णेला इथे सात घाट आहेत. गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे, 1762 मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. देवळाच्या मागे जाऊन भिंत आवर्जून बघा. ती माशाच्या आकाराची केलेली आहे, पुराचं पाणी तिथे फाटून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. आत मूर्तीपुढे पाच मिनिटं उभं राहिलं आणि बाहेर पायरीवर बसलं, की त्या वेळी धुणं आपटल्याचा आवाज, घंटा आणि पाणी एवढंच ऐकू येतं.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. मंडईत एक आजी मटार घेऊन बसल्या होत्या. शेंगा इतक्या टपोऱ्या की मी पाव किलो घेतल्या आणि घेतल्यावर लक्षात आलं, आपण घरी कुठे आहोत, सोलून करणार काय? नवरा म्हणाला, "आण इकडे, मी सोलतो." घाटाच्या पायरीवर बसून त्याने शेंगेचं टोक दाबलं, अंगठा आतून फिरवला, नऊ दाणे निघाले. पाच माझ्या तळहातावर ठेवले, चार स्वतः खाल्ले. पुढची शेंग, तिच्यात सात. चार मला, तीन त्याला. पाव किलो मटार आम्ही तासभर पुरवले. बोललो ते मुलीच्या दहावीबद्दल, त्याच्या आईच्या गुडघ्यांबद्दल, बाल्कनीतल्या गळतीबद्दल. घरी याच तीन विषयांवर आवाज चढतो. तिथे एकदाही चढला नाही. टरफलं गाईला घातली आणि उठलो.

दुसऱ्या दिवसासाठी मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटर, उन्हं चढायच्या आत चालत जाता येतं. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे नदीवर बांधलेला देखणा घाट, आणि घाटावर छोट्या घुमटीत टांगलेली एक भलीमोठी घंटा. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हाच्या लुटीतली ती. दर्यावरच्या चर्चमधली घंटा कृष्णेकाठी येऊन राहिलीय. तिच्याखालच्या सावलीत थर्मासमधला चहा प्यायचा. नंतर वेळ उरला तर धोमच्या नरसिंहाच्या देवळात जा, त्याच आवारात महादेवापुढे दगडी कमळाच्या कुंडात नंदी बसवलाय. वाचणाऱ्या माणसांना आणखी एक ओढ असते, ती म्हणजे मराठी विश्वकोशाचं काम ज्या गावातून चाललं ते हे गाव. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच राहून ते करत होते.

उणिवा सांगायच्या तर रात्री नऊनंतर गाव झोपतं. एप्रिल-मेमध्ये ऊन असह्य आणि नदीत पाणी कमी. घाटावर प्लास्टिक पडलेलं दिसतं तेव्हा जीव कळवळतो. रंगपंचमीला शेजारच्या बावधनला बगाडाची मोठी यात्रा असते. बघायचंच असेल तर त्या गर्दीच्या तयारीने जा. शांतता हवी असेल तर तो दिवस टाळा.

माथेरान

मुंबईकरांसाठी तिन्हींत सोपं. सीएसएमटीहून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडली की दोनेक तासांत नेरळ, तिथून टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाका. पुण्याहून रेल्वेने यायचं तर कर्जतला बदलावं लागतं. दस्तुरीच्या पुढे मोटारीला बंदी, आणि माथेरानचं सगळं सुख त्या एका बंदीत आहे. 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट इथे चढून आले तेव्हापासून या डोंगरावर लोक फिरले ते मुख्यतः पायी, घोड्यावर, हातरिक्षात किंवा 1907 च्या छोट्या रेल्वेने.

ती गाडी नेरळपासून वर यायला दोन तासांहून जास्त घेते आणि पावसाळ्यात खालचा टप्पा बंद असतो. 2019 च्या पावसात रूळ वाहून गेले तेव्हा तर पूर्ण मार्ग सुरू व्हायला ऑक्टोबर 2022 उजाडला. दोन रात्रींच्या सुट्टीत तिच्यावर विसंबू नका. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंतची छोटी फेरी मिळाली तर बसा, नाहीतर रुळांच्या कडेकडेने पाऊण तास चालत या. माझ्या मते चालतच यावं. दस्तुरीला घोडेवाले गराडा घालतात. नम्रपणे नको म्हणा आणि सामान हमालाकडे द्या, त्याचंही पोट त्यावर आहे. माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा मात्र मला कधीच बघवली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांच्या हाती ई-रिक्षा द्यायला सांगितलं, ते वाचून बरं वाटलं.

इथली सकाळ चालण्याची. तांबडी माती, वर जांभूळ-हिरड्याची सावली, आणि हॉर्न नाही. हॉर्न नसणं म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कळतं. खांदे आपोआप खाली आलेले असतात. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही, ते शेजारी शेजारी चालताना बोललं जातं, नजर वाटेवर असते म्हणून असेल. एका वर्षी नोकरी सोडण्याचा विचार मी नवऱ्याला पहिल्यांदा सांगितला तो शार्लट लेकवरून वन ट्री हिलकडे जाताना. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मार्चनंतर सोड, बोनस होऊ दे." त्या दिवशी मला तेवढंच ऐकायचं होतं.

पॉइंट अडतीस म्हणतात. तुम्ही चार करा. सूर्योदयाला पॅनोरमा, सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन, मधल्या वेळेत शार्लट लेक आणि आणखी एखादा, वाटेत जो लागेल तो. जेवणाच्या बाबतीत मात्र माथेरान या तिघांत मागे. बहुतेक ठिकाणी राहणं-जेवण एकत्र घ्यावं लागतं, जेवण पोटभर असतं, पण या डोंगराची म्हणावी अशी चव त्यात नसते. खोली घेण्याआधी सोडायची वेळ विचारून घ्या. एका हॉटेलात आम्हाला रविवारी सकाळी नऊलाच बाहेर काढलं आणि उरलेला दिवस पिशव्या सांभाळण्यात गेला. त्यात माकडांनी चिक्कीचा पुडा नेला. हातात खायचं काही दिसू द्यायचं नाही, हा तिथला पहिला नियम. आणि शनिवार-रविवार टाळता आला तर जरूर टाळा. सोमवार-मंगळवारचं माथेरान शांत असतं आणि दरही खाली येतात.

रेवदंडा-चौल

मुंबईहून गेटवे ते मांडवा बोट, तासाभराची. गाडी न्यायची तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट. पुण्याहून खोपोली-पेणमार्गे चार तास धरा. मांडव्याहून अलिबाग आणि अलिबागहून पुढे 17-18 किलोमीटरवर रेवदंडा. भर पावसात गेटवेच्या लहान बोटी बंद असतात, हे ध्यानात ठेवा.

अलिबागचा मुख्य किनारा सोडून इथे यायचं कारण वाड्या. नारळ-सुपारीच्या वाडीतलं घर, मागच्या दाराने किनाऱ्याकडे जाणारी वाट, आणि घरच्या काकूंच्या हातचं जेवण. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात इथल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं नवं झाड उत्पन्न द्यायला वर्षानुवर्षं घेतं, म्हणून कितीतरी घरांनी खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली ती गरजेपोटी. अशा घरात राहिलं की आपल्या सुट्टीचे पैसे थेट चुलीपर्यंत पोचतात. मी तरी रिसॉर्टऐवजी घरच निवडते.

खाण्यासाठी या तिघांत हेच ठिकाण. मासे खाणाऱ्यांना सांगायलाच नको, पण शाकाहारी माणसानेही इथल्या वालाच्या बिरड्यासाठी आणि अलिबागच्या पांढऱ्या कांद्यासाठी यावं. त्या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जेवताना फोडून नुसता खावा, डोळ्याला पाणी न येता गोड लागतो. थंडीत गेलात तर काकूंना आधी फोन करून पोपटीचं विचारा. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे, हवी तर अंडी किंवा कोंबडी, वरून पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं करून भोवती पालापाचोळा पेटवायचा आणि अर्धा तास शेकोटीभोवती बसून राहायचं. मडकं फुटायच्या आत ते बाहेर ओढायची माणसांची धांदल आणि मग तो पहिला वाफेचा वास, त्यासाठी मी चार तासांचा रस्ता आनंदाने करते.

तारीख ठरवताना कॅलेंडरमध्ये तिथी बघा. कोळी बांधव हिशेब करतात तो सोपा आहे, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे पौर्णिमेला भरती अकरा-बाराच्या सुमारास आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणजे पौर्णिमेला सूर्य मावळतो त्या वेळी किनारा लांबच लांब उघडा पडलेला असतो आणि मागे वाडीच्या डोक्यावर चंद्र चढत असतो. त्या ओल्या वाळूवर आम्ही चपला हातात घेऊन काळोख पडेपर्यंत चाललो आहोत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जातात, पण तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका आणि पाणी फिरायच्या आत परत या. उणीव म्हणाल तर दमट हवा. ऑक्टोबरमध्ये आणि मार्चनंतर घामाने जीव नकोसा होतो.

मग जायचं कुठे?

दोघांत बरेच दिवस काही बोलायचं राहून गेलं असेल तर माथेरान, तेही आठवड्याच्या मधल्या दिवसांत. गुडघे दुखत असतील तर नको, तिथलं सुख चालण्यातच आहे. सारखा स्वयंपाक करून ती किंवा तो कंटाळला असेल, कुणीतरी प्रेमाने ताटात वाढावं असं वाटत असेल तर रेवदंडा, डिसेंबर ते फेब्रुवारी, पौर्णिमेच्या आसपास. नवं लग्न झालेल्यांनाही मी हेच सुचवते, समुद्र वेळ घालवायला मदत करतो. खर्च कमी ठेवायचा असेल, पुण्यात राहत असाल आणि काही न करता एकमेकांजवळ बसणं जमत असेल तर वाई. तिन्हींत मला स्वतःला वाईच जवळची.

येत्या जानेवारीत आमचं तिथलंच ठरलंय. जुन्या थर्मासचं झाकण गळायला लागलं होतं, म्हणून मेणवलीसाठी परवाच नवा आणलाय, अर्ध्या लिटरचा, दोन कपांचा.