सूर्यमित्र प्रशिक्षण: एक पावसाळा काम केल्यानंतरचा अनुभव

आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड पूर्ण झाल्यावर मी सौर पॅनेल बसवण्याचे सूर्यमित्र प्रशिक्षण घेतले आणि तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरात घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवत आहे. प्रमाणपत्र मिळताच लिहिलेले अभिप्राय बहुधा गोडच असतात, म्हणून मी पावसाळा सरेपर्यंत थांबलो.

केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने 2015 साली सुरू केलेला हा 600 तासांचा निवासी अभ्यासक्रम गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत राबवला गेला. शिकवणी, राहणे आणि जेवण मोफत होते. (जेवणाबद्दल अधिक न लिहिलेले बरे.)

सर्वांत उपयोगी पडले ते डीसीचे, म्हणजे पॅनेलमधून येणाऱ्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचे शिक्षण. घरच्या वायरिंगमध्ये मुरलेला वायरमन एमसीबी (मीटरजवळचा सुरक्षा स्विच) पाडला की निर्धास्त होतो. परंतु पॅनेलवर ऊन असेपर्यंत त्याच्या तारांत विजेचा दाब (व्होल्टेज) असतोच, आणि आठ-दहा पॅनेल ओळीने जोडल्यास तो चारशे व्होल्टच्या घरात जातो. घरच्या विजेचा, म्हणजे दिशा बदलत राहणारा एसी प्रवाह दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्याने ठिणगी विझण्यास वाव मिळतो, डीसीत तो मिळत नाही. म्हणून आधी एसी ब्रेकर, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची वीज तोडणारा स्विच) बंद करायचा, क्लॅम्प मीटरने प्रवाह शून्य असल्याची खात्री करायची आणि त्यानंतरच एमसी-फोर कनेक्टर (पॅनेलच्या तारा जोडणारा प्लग) सोडवायचा, हा क्रम आमच्याकडून इतक्या वेळा घोटून घेतला गेला की आता हात आपोआप त्याच क्रमाने चालतात. क्रिम्पिंग (तारेच्या टोकाला धातूची पिन दाबून बसवणे) आणि अर्थिंगही असेच नीट शिकवले.

उणीव जाणवली ती छताची. सराव सपाट स्लॅबवर झाला. खानापूरकडच्या कौलारू घरांवर मात्र कौले काढून वाशांना हुक कसे बसवावेत, वासा तेवढे वजन पेलेल का आणि नंतर गळती कशी रोखावी, हे मी एका जुन्या सुताराकडून शिकलो. तिकडचा पाऊस कच्चे काम पहिल्याच आठवड्यात उघडे पाडतो.

दुसरी उणीव कागदपत्रांची. 2024 मध्ये छतावरील सौर पॅनेलला अनुदान देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आल्यापासून घरमालक पॅनेलपेक्षा अनुदानाची चौकशी आधी करतात. तीन किलोवॅटला 78,000 रुपये मिळतात हे त्यांना तोंडपाठ असते. हेस्कॉम या इथल्या कर्नाटकच्या वीज कंपनीकडचा अर्ज, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर) आणि तपासणी यांबाबत मात्र त्यांची सारी भिस्त आमच्यावर असते. कन्नड वाचता न येणाऱ्या मराठी मुलांची इथे अडचण होते, आणि वर्गात या विषयाला जेमतेम एक तास मिळाला होता.

प्रमाणपत्रामुळे ठेकेदार दारात उभे करतो, रोजगार मात्र हाताचे काम पाहूनच ठरवतो. सरकारी नोकरीच्या आशेने कोणी जाऊ नये. आयटीआय झालेल्या आणि उंचीची भीती नसलेल्या मुलाने जरूर जावे. प्रवेश घेण्यापूर्वी केंद्रात सरावासाठी उतरते छत आहे का आणि प्रत्येकाला स्वतः क्रिम्पिंग करू देतात का, एवढे विचारून घ्यावे.