दुनळी बंदुकीच्या नावाखाली माझे ४२,२५० रुपये गेले. नवीन परवानाधारकांनो, वाचा

माझा परवाना खरा आहे. हे आधी सांगतो, कारण ठाण्यात, बँकेत, पाव्हण्यारावळ्यांत, जिथं म्हणून ही हकीकत सांगितली तिथं पहिला प्रश्न एकच आला, "बंदूक कशाला पाहिजे होती ओ तुम्हाला?" पैसे कुणी खाल्ले हे विचारायचं राहिलं बाजूला.

तर सांगतो कशाला. सोलापूर जिल्ह्यात मंद्रूपच्या पुढं आमची वस्ती आहे. दोन घरं, चारी बाजूंनी ऊस, हाक मारली तर ऐकायला तिसरं माणूस नाही. केबल, मोटारी तर जातातच, पण शेजारच्या शिवारात एका वस्तीवर रात्री माणसं घुसून म्हातारीच्या अंगावरचे दागिने काढून नेले, तेव्हापासून घरच्यांना झोप नाही. म्हणून स्वसंरक्षणासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात रीतसर अर्ज केला. पोलीस चौकशी झाली, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला जोडला, परवाना आला, त्यावर यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा ओळख क्रमांक आहे. ज्यांना रानडुकरांसाठी परवाना काढायचा आहे त्यांनी जाता जाता एवढं ऐका, हातात परवाना आला म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली असं नाही, वन्यजीव कायदा वेगळा आहे. आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला राहत असाल तर अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आतल्या नव्या परवान्याला मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती लागते. आमच्या एका पाव्हण्याचा अर्ज तिथंच अडकून पडलाय.

परवाना मिळाला की त्यावर लिहिलेल्या मुदतीत हत्यार घ्यावं लागतं. दुकानात गेलो. नवी एकनळी २८,००० सांगितली, दुनळी ६५,००० च्या पुढं, पंप ॲक्शनचा आकडा ऐकून मी चहा मागवला. आमच्या भावकीतले एक तात्या बँकेत गनमन होते, ते म्हणाले, "पहिल्यांदा घेतोयस, एकनळी घे. साधी यंत्रणा, बिघडायला काही नाही, साफ करायला सोपी." पण दुकानात दुनळी एकदा हातात घेतली की एकनळी नळाच्या पाइपासारखी वाटते. एक बार चुकला तर दुसरा तयार, हा विचार वस्तीवर राहणाऱ्या माणसाच्या डोक्यातून जात नाही. यात माझं काय चुकलं, मला अजून कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. परवानाधारकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली. बारा बोअर दुनळी, बेल्जियम बनावटीची, नळ्या आरशासारख्या, ३८,५०० रुपये. विकणारा लातूरकडचा, माजी सैनिक म्हणून सांगणारा. बोलणं इतकं अदबीचं की काय सांगू. मला पहिल्या फोनपासून "मालक" म्हणायला लागला, सोलापूरच्या माणसाला कसं जिंकायचं ते त्याला ठाऊक. विकायचं कारण असं दिलं, "माझ्याकडं तीन हत्यारं होती. कायदा बदलला, आता दोनच ठेवता येतात. तिसरं चांगल्या घरी द्यायचंय."

हे खरं आहे बरं का. २०१९च्या दुरुस्तीत तिनाची मर्यादा दोनवर आली. मी भाच्याकडून खात्री करून घेतली, तो म्हणाला बरोबर आहे. पण त्याच दुरुस्तीत पुढं लिहिलंय की जादाचं हत्यार एका वर्षाच्या आत जमा करायचं. म्हणजे डिसेंबर २०२० मध्येच त्याची तिसरी बंदूक घरातून जायला हवी होती. हे भाच्याने वाचलं नाही, मी वाचलं नाही. आणि बेल्जियमची दुनळी ३८,५०० ला? परदेशी बंदुकांची आयात सर्वसामान्यांसाठी १९८०च्या दशकातच बंद झाली, त्यामुळं इथं ज्या जुन्या आहेत त्यांना मान आहे आणि भावही आहे. स्वस्त आणि बेल्जियन हे दोन शब्द एका जाहिरातीत दिसले की फोन खाली ठेवा.

टोकन म्हणून ५,००० यूपीआयने पाठवले. खातं दुसऱ्याच नावाचं होतं, "मुलाच्या दुकानाचं आहे" म्हणाला. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे फसतात, त्यावर जास्त लिहीत नाही.

मी कशात अडकलो ते नीट समजून घ्या, कारण त्याने मला खोटं सांगून नाही, कायदा सांगून लुटलं. तो म्हणाला, "मालक, बंदूक अशी हातोहात देता येत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मला आधी जिल्हाधिकाऱ्यांना नाहीतर जवळच्या ठाण्याला लेखी कळवावं लागतं, त्यात घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहावा लागतो, आणि कळवल्यापासून ४५ दिवस थांबावं लागतं." मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, हो, खासगी विक्रीला ४५ दिवस लागतात. आता सांगा, जो माणूस तुम्हाला उशीर होणार म्हणून आधीच बजावतो तो चोर वाटेल का? चोर घाई करतो एवढंच आपल्याला शिकवलेलं. या पठ्ठ्याने सरकारी मुदतीच्या आडोशाला बसून दीड महिना मला दुभत्या म्हशीसारखं पिळलं आणि मी त्याला "कायद्याने चालणारा माणूस" म्हणून घरात कौतुक सांगत होतो.

नाव-पत्ता लिहायचा म्हणून त्याने माझ्या परवान्याची आणि आधारची प्रत मागितली. दिली. कायद्यातच आहे म्हटल्यावर देणार नाही तर काय.

मग त्याने कळवल्याच्या अर्जाची पोच पाठवली. वर जिल्हाधिकारी कार्यालयाचा आवक शिक्का, जांभळी शाई, कुणाची तरी आद्याक्षरं, आणि तारीख २६ जानेवारी.

परत वाचा. २६ जानेवारी.

त्या दिवशी सकाळी मी स्वतः शाळेत झेंडावंदनाला गेलो होतो. पोरांना जिलेबी वाटली. देशातल्या एकाही कार्यालयात आवक टेबलावर त्या दिवशी कुणी शिक्का मारत बसत नाही. आणि मी ती पोच बघून काय केलं? भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर उभा राहिलो, २६ वर बोट ठेवलं आणि तिथून एक एक घर पुढं जात ४५ मोजले. १२ मार्च आला. त्यावर पेनाने गोल केला. बायकोला हाक मारून दाखवला. ज्या तारखेवर बोट होतं ती लाल छापलेली होती! लाल! आणि खाली प्रजासत्ताक दिन! ते पान आता आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो. पण तुम्हीच सांगा, दिवस मोजणारा माणूस पुढं बघतो, कुठून निघालो ते बघत नाही. भाच्यानेही ती पोच बघितली होती, आणि तो पदवीधर आहे.

पोच पाठवल्यावर "एनओसीचा खर्च" ८,५००. फेब्रुवारीत, टोकन वजा जाऊन राहिलेल्या ३३,५०० पैकी निम्मे, १६,७५०. मी म्हटलं बंदूक बघायला येतो, तर म्हणाला, "मुदत पुरी व्हायच्या आत हत्याराला दुसऱ्याचा हात लागला तर दोघांवर केस होईल." ही शुद्ध थाप. मालकाच्या समोर, मालकाच्या घरी बंदूक बघायला कुणाची ना नाही. जो बघू देत नाही त्याच्याकडं बंदूकच नाही, बाकी काही नाही. शेवटी ११ मार्चला "हस्तांतराची अनामत, तुमच्या परवान्यावर नोंद झाली की परत" म्हणून १२,०००. बेरीज करा. बंदुकीची किंमत ३८,५००, मी दिले ४२,२५०, आणि वर अजून १६,७५० द्यायचे बाकी होते.

१२ मार्चला फोन बंद.

संध्याकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवलं, मग एका बाईंनी माहिती घेतली, तक्रार क्रमांक आला. त्या बोलायला बऱ्या होत्या, खोटं का बोलू. पण म्हणाल्या, जुन्या रकमांचं अवघड आहे, कालच्या १२,००० चं बघू. ते खातं आधीच रिकामं झालेलं. पैसे गेल्याचं कळल्या क्षणी १९३० लावा, घरच्यांना काय सांगायचं ते नंतर ठरवा. मी दुपारभर त्याचाच नंबर लावत बसलो होतो.

बँकेत गेलो. साहेब म्हणाले, पिन तुम्हीच टाकला ना? मग व्यवहार तुमच्या संमतीचा. मी म्हटलं, संमती बंदूक घ्यायला होती, लुटून घ्यायला नव्हती. ते संगणकाकडं बघत "ऑनलाइन तक्रार टाका" म्हणाले. टाकली आहे म्हटल्यावर "मग आमच्याकडं काय काम?"

ठाण्याचं तर विचारूच नका. टेबलावरच्या माणसाने "बंदूक" शब्द ऐकला आणि पेन खाली ठेवलं. कुणाशी वाद आहे का, भावाशी जमिनीवरून काही आहे का, परवाना दाखवा, झेरॉक्स आणा, आधारची आणा, परवान्याची मागची बाजू आणा. फिर्यादी मी, आणि चौकशी माझीच. मग हद्दीचा घोळ. पैसे घेणारा लातूरकडचा, खातं तिसऱ्याच राज्यातलं, माझी बँक शहरात, माझं घर ग्रामीणला. "तिकडं द्या" म्हणाले. तिकडं गेलो, तर "जिथून पैसे पाठवले तिथं द्या". नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती घ्यावीच लागते असं स्वच्छ लिहिलंय, जुलै २०२४ पासून. हे मी वाचून गेलो होतो. वाचून दाखवलं तर म्हणाले, "लई शिकलाय की ओ. मग फसला कसे?" सगळे हसले. शेवटी एका कागदावर अर्ज घेतला, पोच दिली, गुन्हा नोंद नाही. या पोचेवरचा शिक्का मात्र खरा आहे, तारीखही कामाच्या दिवसाची आहे, आणि तिचा उपयोग त्या खोट्या पोचेइतकाच झाला.

तात्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी शिव्या घातल्या, मग जुनी दुनळी कशी बघतात ते शिकवलं. हे मला डिसेंबरमध्ये कुणी सांगितलं असतं तर फोटोवर भाळलो नसतो. नळीखालचा लाकडी भाग काढायचा, दस्ता धरून नळ्या हलवायच्या, खळखळ झाली की कुलूप ढिलं. नळ्या सुट्या करून उजेडाकडं धरून आत बघायचं, आत ठिपके किंवा कडं दिसलं की परत द्यायची. नळ्या टांगून हलकंच टिचकी मारायची, स्वच्छ नाद आला पाहिजे, बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटलेली. आणि नळीत काडतूस बसतं त्या खोलीची, म्हणजे चेंबरची, लांबी विचारायची. बऱ्याच जुन्या विलायती दुनळ्यांत अडीच इंची खोली असते आणि आजचं काडतूस बहुतेक पावणेतीन इंची. ते आत सरळ बसतं, कारण बार उडायच्या आधी त्याचं तोंड दुमडलेलं असतं, उडताना तोंड उघडायला जागा नसते आणि दाब भलताच वाढतो. नळीवर चाचणीच्या खुणा नसतील, नंबर घासलेला असेल, किंवा परवान्यावरच्या नंबराशी जुळत नसेल तर हातसुद्धा लावू नका. यातली एकही गोष्ट व्हिडिओवर कळत नाही.

खासगी विक्रीच करायची असेल तर विकणाऱ्याच्या ठाण्यात स्वतः जा आणि त्याने दिलेली खबर तिथल्या नोंदीत आहे का बघा. ४५ दिवस पुरे होईपर्यंत एक रुपया नाही. परवान्याच्या झेरॉक्सवर आडवं लिहा, कुणासाठी दिली, कोणत्या तारखेला दिली.

हे शेवटचं मी का लिहितोय ते ऐका. परवा आमच्या पोलीस पाटलांना परभणी जिल्ह्यातून एका शेतकऱ्याचा फोन आला. अमुक नावाचा माणूस तुमच्या गावात राहतो का, म्हणे. त्याची दुनळी विकायची आहे, परवाना पाठवलाय, माणूस भरवशाचा आहे का. अमुक म्हणजे मी. माझा परवाना, माझा फोटो, किंमत ३८,५००. त्या बिचाऱ्याचे ५,००० जाऊन बसले होते, पुढचे वाचले, कारण त्याने परवान्यावरचं गाव शोधून फोन करायची अक्कल दाखवली. म्हणजे त्या लातूरवाल्याने मला जो परवाना दाखवला होता, तोही असाच कुणाचा तरी असणार. त्या परवान्यावरच्या माणसाला मी दोन महिने मनातल्या मनात शिव्या घालतोय.

दुसऱ्याच दिवशी परवाना देणाऱ्या कार्यालयात लेखी अर्ज घेऊन गेलो, की माझ्या परवान्याच्या प्रतीचा गैरवापर होतोय, नोंद घ्या, उद्या कुणी माझ्या नावावर तक्रार केली तर हा कागद राहू द्या. बाईंनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाल्या, "परवाना हरवलाय का?" नाही. "नूतनीकरण?" नाही. "हत्यार बदल?" हत्यारच नाही अजून. "मग हा अर्ज कशात घालू? याला नमुना नाही." मी म्हटलं, आवक शिक्का तरी मारून द्या. त्या म्हणाल्या, साहेब मीटिंगला आहेत, सोमवारी या.

सोमवारी जाणार आहे. तिथून दुकानात. एकनळी, २८,०००, पक्क्या बिलावर.