रॉडच्या दोऱ्यावरचं एपॉक्सी फिनिश: नागपूरच्या उन्हाळा, पावसाळा, हिवाळ्यानंतर

हातानं बांधलेल्या मासेमारीच्या रॉडवर गाइड, म्हणजे गळाची दोरी ज्यातून जाते त्या कड्या, दोऱ्यानं बांधले की त्या गुंडाळीवर दोन भागांचं एपॉक्सी लावतात, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारा पारदर्शक लेप, त्यालाच फिनिश म्हणतात. उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत मी तेच वापरतोय, घट्ट थराचं आणि पातळ, ज्याला लाइट म्हणतात, असं दोन्ही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नागपुरात बाटलीपेक्षा खोलीतली हवा जास्त ठरवते.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना कूलर बंद ठेवून काम करायचं, हे ऐकूनच घरचे हसतात. पण कूलरची हवा म्हणजे ओल आणि ताट्यांची कुसं. कुसं ओल्या फिनिशवर चिकटतात आणि ओलीमुळे वर चिकट, धुरकट साय धरते. बरं, कूलर बंद केला तर उष्णता आहेच. तापमान दहा अंशांनी वाढलं की एपॉक्सीचा वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळे २५ अंशांना जे मिश्रण निवांत पुरतं, ते दुपारी शेवटच्या गाइडपर्यंत पोचायच्या आत तार धरू लागतं. म्हणून उन्हाळ्यात पहाटेच, कूलर बंद करून, आणि एका वेळी ३ मिली रेझिन व ३ मिली हार्डनर एवढंच. मिसळून झालं की कपात ठेवू नका, ॲल्युमिनियम फॉइलवर पसरा. कपात ते स्वतःच्याच उष्णतेनं तापत जातं, पातळ थरात तापत नाही.

मोजायला मेडिकलमधली सिरिंज घेऊ नका. तिच्या दट्ट्याला सिलिकॉन असतं. त्याचा अंश आला तरी फिनिश दोऱ्यावरून मागे सरकतं आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. बिनासिलिकॉनची सिरिंज मागवा, आणि रेझिनची व हार्डनरची वेगळी ठेवा.

बुडबुड्यांबद्दल जेवढं बोललं जातं तेवढी त्यांची भीती नको. चार-पाच मिनिटं हळूहळू ढवळायचं, फेटायचं नाही. उरलेल्यांसाठी स्पिरिटचा दिवा खालून झरकन फिरवायचा. लायटरनं काजळी येते. खरा त्रास गाइडच्या पायाच्या, म्हणजे दोऱ्याखाली बांधल्या जाणाऱ्या चपट्या पट्टीच्या, दोन्ही बाजूंना दोऱ्याखाली राहणाऱ्या पोकळीचा. तिथली हवा तासभर बुडबुडे सोडत राहते. पहिला हात पातळ फिनिशचा दिला, पोकळीच्या तोंडाशी ब्रश टेकवून ते आत ओढू दिलं, की हा प्रश्न संपतो. मग फिरता रॉड क्षणभर थांबवायचा, जादा फिनिश खाली लोंबतं, ते कोरड्या ब्रशनं टिपून घ्यायचं. गुळगुळीतपणा येतो तो इथं. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. घट्ट फिनिशचा एकच जाड हात देऊन काम उरकतं खरं, पण कडेला गोळा फुगतो आणि रॉडची नाजूकता जाते. मला ते आवडत नाही.

फिनिश ओघळू नये म्हणून रॉड फिरवत ठेवायला मायक्रोवेव्हच्या तबकडीची मोटर पुरते, मिनिटाला पाच-सहा फेरे. सीताबर्डीच्या दुरुस्तीवाल्यानं विचारलं होतं, ‘भाऊ, हे कायले पाहिजे तुमाले?’ मासे पकडायला म्हटल्यावर त्यानं पुढं विचारलं नाही. ही मोटर सुरू करताना कधी डावीकडे फिरते कधी उजवीकडे, त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते वीज गेल्यावर. पहिले तीन-चार तास रॉड फिरता हवाच, म्हणून इन्व्हर्टरवर लावा.

पावसाळ्याबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही, बंद खोलीत एसी लावून करा किंवा करूच नका.

टिकाऊपणा? मरळीसाठी गवतात, पाणकणसात घासला गेलेला रॉड अजून चकचकीत आहे. गाइडच्या पायाच्या टोकाशी केसाएवढी भेग दिसते. रॉड तिथं वाकतो आणि धातू वाकत नाही, म्हणून. बांधण्याआधी पायाचं टोक कानशीनं निमुळतं केलेल्या गाइडांवर ती नाही. उन्हात उभ्या गाडीत रबरी पट्ट्यानं आवळून ठेवलेल्या रॉडवर मात्र पट्ट्याचा ठसा उमटला. पूर्ण सुकलेलं फिनिशही बंद गाडीच्या उष्णतेत मऊ पडतं. पट्टा दोऱ्यावर नको, मोकळ्या काठीवर बांधा.

रंगाचं आधी ठरवा. साधा नायलॉनचा दोरा एपॉक्सी पिऊन गडद आणि अर्धपारदर्शक होतो, पिवळा तर जवळजवळ नाहीसाच. रंग जसाच्या तसा हवा असेल तर आधी कलर प्रिझर्व्हर लावावं लागतं, पण मग फिनिश दोऱ्यात मुरत नाही. मी काळा आणि मरून वापरतो आणि ती बाटली घेतच नाही.

पुन्हा घेईन ते लाइटच. थंडीत रेझिनमध्ये पांढरे कण दिसले तर बाटली फेकू नका, झाकण घट्ट लावून गरम पाण्यात ठेवा, पुन्हा स्वच्छ होतं. हार्डनर जुना होऊन पिवळसर झाला असेल तर तो गडद दोऱ्यासाठी ठेवा.