महापालिकेच्या भूखंडावर झाडं लावायची आहेत: मियावाकी की अंतर सोडून?

वॉर्डात महापालिकेचा पाच गुंठ्यांचा मोकळा भूखंड आहे, मंडळातली पंधरा-वीस माणसं खपायला तयार आहेत आणि उद्यान विभागाकडे अर्ज टाकायचा आहे. मग पहिला वाद हमखास होतो: दाट मियावाकी लावायची, म्हणजे रोपं खेटून लावून छोटं जंगल उभं करायचं, की नेहमीसारखी अंतर सोडून?

आधी एक सांगतो, मदत मागताना संकोच करू नका. झाडांच्या संरक्षणाचा आपला 1975 चा कायदा शहरांतल्या वृक्ष प्राधिकरणांवर रोपवाटिका चालवण्याची आणि रस्त्याकडेला, बागांत, नदीकाठी झाडं लावून जगवण्याची जबाबदारी टाकतो. मालमत्ता कराचं बिल काढून बघा. अनेक शहरांत त्यात वृक्ष उपकराची ओळ सापडेल. हे पैसे आपण भरतोच आहोत.

आता हिशेब. पाच गुंठे म्हणजे साधारण 500 चौरस मीटर. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीत चौरस मीटरला तीन ते पाच रोपं बसतात, म्हणजे किमान दीड हजार. चार-चार मीटरवर लावली तर तीसच. दीड हजार ऐकलं की मंडळी मियावाकीकडे झुकतात. मी म्हणेन, रोपं नंतर मोजा, आधी पाणी मोजा.

मियावाकीला पहिली दोन-तीन वर्षं चौरस मीटरला रोज चार लिटर धरले, तर पावसाळा सोडून दिवसाला दोन हजार लिटर लागतात. पाच हजारांचा टँकर अडीच दिवसांत रिकामा. तीस झाडांना आठवड्याला वीस-वीस लिटर दिले तर होतात सहाशे, बादल्यांनीही भागतं. शिवाय मियावाकीसाठी मीटरभर खोल माती भुसभुशीत करावी लागते, म्हणजे मुरमाड जमिनीत जेसीबी आला, ट्रॉलीभर शेणखत आणि आच्छादनाला पेंढा आला. अंतर सोडून लावायला मे महिन्यात दोन फुटांचे खड्डे, माती-शेणखत आणि प्रत्येक झाडाला मजबूत जाळी पुरते.

मिळकतही वेगवेगळी आहे. मियावाकी नीट जमली तर तीन वर्षांत स्वतःच्या पायावर उभी राहते, रस्त्याची धूळ अडवते, पक्ष्यांना दाट आसरा देते. पण आत कुणाला शिरता येत नाही. मुलांना खेळायला, म्हाताऱ्यांना टेकायला सावली हवी असेल तर मोकळी लागवडच लागते, आणि तिच्यासाठी आठ-दहा वर्षं धीर धरावा लागतो.

एक अट बहुतेक जण विसरतात. मियावाकीत झुडपांपासून उंच वृक्षांपर्यंत चार थरांच्या पुष्कळ स्थानिक जाती मिसळाव्या लागतात. रोपवाटिकेत आठ-दहाच जाती असतील तर दाटी होईल, जंगल नाही. तीस झाडांसाठी मात्र कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण, एखादा उंबर एवढं मिळालं तरी काम होतं. गुलमोहर मादागास्करचा आहे, त्याचा आग्रह नको. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेलं गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया), तेही परदेशीच झाड, किती पसरलं, ते तिथे रोज फिरणाऱ्यांना ठाऊक आहे. आणि भूखंड मुळात गवताळ माळाचा असेल तर मियावाकीचा विचारच सोडा. त्या गवतावर जगणारे पक्षी-कीटक दाट झाडीत राहत नाहीत.

आम्ही एकदा साठ रोपं लावली होती. जुलैत उत्साह दांडगा होता. मार्चनंतर टँकर येईनासा झाला आणि मेअखेर निम्म्याहून जास्त रोपं वाळली. टँकरचं आश्वासन तोंडी होतं, ही चूक आमची. वाळलेली काठी उपटताना काय वाटतं, ते आजही आठवतं.

म्हणून माझं मत असं: तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची लेखी हमी मिळत असेल, किंवा जवळ बोअरवेल वा प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची लाइन असेल, तरच मियावाकी करा, तीही रस्त्याकडेच्या पट्ट्यात. नाहीतर तीस झाडं लावा आणि ती सगळी जगवा. अर्ज फेब्रुवारीतच द्या, म्हणजे खड्डे मेमध्ये होतील. त्यात रोपांची उंची पाच-सहा फूट मागा, जाळ्या मागा, टँकर किती दिवसांनी येणार ते लिहून घ्या, मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं कोण देणार तेही. वीजतारांखालची जागा नकाशावरच वगळा. शहरात स्वतः लावलेलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही.