किडनीचं पथ्य: वेगळं पातेलं की मिठाची डबी?

किडनीचं निघालं की डॉक्टर सांगतात मीठ कमी करा, दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आणि आपण हो म्हणून घरी येतो. खरी अडचण गॅसपाशी येते, पाच माणसांच्या घरात एकट्याचं अळणी करायचं कसं? मी दोन्ही प्रकार करून पाहिलेत, आधी आठ महिने वेगळं पातेलं आणि आता दीड वर्षापासून डबी.

वेगळ्या पातेल्यात जेवणाऱ्याला काही बघावं लागत नाही, समोर आलं ते खायचं. लसूण-लिंबू थोडं वाढवून चवही बरी करता येते. वयस्कर माणूस असेल, चिमटी मोजणं जमणार नसेल किंवा मीठ दिसलं की हात आवरत नसेल तर मी म्हणेन हेच करा.

पण मला त्यात एका गोष्टीने फार त्रास दिला. दोन पातेली शेजारी शेजारी, भाजी दिसायला सारखीच, सकाळी पोरांच्या डब्यांची घाई, मग मोठ्या पातेल्यातली पळी माझ्यात पडायची. त्यात आई. ती चव बघायची, "यात तर मीठच नाही रे" म्हणायची आणि मायेने चिमूटभर टाकून द्यायची, कधी सांगायची, कधी विसरायची. दोष कोणालाच देता येत नाही, पण दिवसभरात माझ्या पोटात मीठ गेलं किती हे घरात एकालाही सांगता येत नव्हतं, आणि पथ्य तर त्याच आकड्याचं होतं. शेवटी मी पातेलं बंद केलं ते याच्यापायी.

आता भाजी एकच होते, शिजली की माझी वाटी आधी काढायची, मग बाकीच्यात मीठ. जळगावला सराफ बाजारात ओळखीचे सोनार आहेत, त्यांच्या काट्यावर 3 ग्रॅम मीठ तोलून घेतलं, ते एका छोट्या डबीत किती येतं तिथे रेघ मारली. रोज सकाळी रेघेपर्यंत भरायची, दिवसभर त्यातूनच. उरलेल्या 2 ग्रॅमची जागा दूध, बाहेरचा घास, अशा न दिसणाऱ्या मिठासाठी सोडली. वरून भुरभुरलेलं मीठ जिभेला लगेच लागतं, त्यामुळे मला तरी कमी पुरतं. पहिला महिना जड गेला हे मात्र खरं.

डबीलाही चोरवाटा आहेत. कळण्याच्या भाकरीच्या पिठात आपल्या खानदेशात ज्वारी-उडदाबरोबर मीठही दळतात, म्हणून माझं दळण वेगळं. पापडातला पापडखार, बट्टीतला सोडा, यांतही मिठात असतं तेच सोडियम. शेवभाजी मी सोडलीच, कारण मीठ शेवेतच असतं, तिथे डबी काय करणार.

आणि कोणी सैंधव किंवा लो सोडियम मीठ सुचवलं तर थांबा. सैंधवही बहुतेक सोडियमच. लो सोडियममध्ये सोडियम काढून पोटॅशियम घातलेलं असतं, किडनी कमजोर असली की ते रक्तात साठू शकतं आणि हृदयावर येतं, बीपीच्या काही गोळ्यांनी तर अजून वाढतं. आम्ही चोपड्याकडचे केळीवाले, ज्यांचं पोटॅशियम वाढतं त्यांना डॉक्टर घरचं केळंसुद्धा मोजून देतात, मग ते मिठातून कशाला घ्यायचं? 2025 साली जागतिक आरोग्य संघटनेने असं मीठ सुचवलं तेव्हाही किडनीवाल्यांना त्यातून वगळलंय.

माझ्यापुरतं सांगायचं तर पूर्वी संध्याकाळी पाय सुजून चपलेचा पट्टा रुतायचा, आता बहुतेक दिवस रुतत नाही. गोळ्याही चालू आहेत, त्यामुळे सगळं श्रेय डबीला देत नाही. काही किडनीच्या आजारात मीठ उलट अंगातून निघून जातं, म्हणून आकडा डॉक्टरांकडूनच घ्या, माझा उचलू नका.

डबी घेताना भोकाभोकांची घेऊ नका, झटकली की किती पडलं कळत नाही. मी साध्या झाकणाची घेतली, चिमटीने घेतो, आणि थंडीत भरीत असलं की दुपारी हात राखून रात्रीसाठी अर्धी डबी ठेवतो.